वेबसाइट हलली, चौकशी हरवली

वेबसाइट एका होस्टिंगवरून दुसऱ्या होस्टिंगवर नेली की त्यात हमखास बिघडतो तो संपर्काचा फॉर्म, आणि बिघडल्याचे सर्वांत उशिरा लक्षात येते तेही त्याचेच. पान उघडले नाही तर कोणीतरी फोन करून सांगते. फोटो गायब झाला तर मालकाच्याच नजरेला पडतो. फॉर्म मात्र जागच्या जागी दिसतो, नाव-नंबर भरून घेतो, ‘धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू’ असेही सांगतो. भरलेला मजकूर मात्र कोणाच्याही हाती पडत नाही. चौकशी करणाऱ्याला वाटते, समोरच्याने दखल घेतली नाही. समोरच्याला वाटते, सध्या बाजारच थंड आहे. तक्रार ज्या वाटेने यायची तीच वाट बंद असल्यामुळे हा गैरसमज महिनोन्महिने टिकू शकतो.

सुरतच्या दक्षिण भागातील बमरोलीसारख्या ठिकाणी या गैरसमजाची किंमत मोठी असते. पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेला हा भाग कापडधंद्याचा. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या सगळ्या पट्ट्यात सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाने खानदेशातून येऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. अशा वस्तीतल्या लहान उद्योगाची वेबसाइट बहुधा साधी असते: कापडाचे नमुने, पत्ता, नकाशा आणि शेवटी ‘इन्क्वायरी’चा फॉर्म. ओळखीची पार्टी फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर बोलते, तिला फॉर्मची गरज पडत नाही. फॉर्म भरते ती अनोळखी पार्टी, म्हणजे ज्या गावी आजवर माल गेलेला नाही तिथला दुकानदार किंवा परदेशातला खरेदीदार. म्हणून फॉर्म बंद पडला तरी चालू धंद्याला धक्का लागत नाही. नवा धंदा येणे तेवढे थांबते, आणि जे आलेच नाही त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

स्थलांतराची कारणे साधी असतात. पहिल्या वर्षाची सवलत संपून होस्टिंगचे नूतनीकरण महाग पडते, वेबसाइट सांभाळणारा बदलतो, साइट जुनी दिसू लागते. नवा माणूस फाइली आणि डेटाबेस उचलून नव्या सर्व्हरवर ठेवतो आणि पाने उघडून पाहतो. इथपर्यंत सगळे ठीक असते. पण फॉर्म म्हणजे नुसते पान नव्हे. ब्राउझरमधला मजकूर सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमकडे जातो, तो प्रोग्रॅम त्याचे ईमेल बनवतो, ते ईमेल पाठवणाऱ्या सर्व्हरकडे सोपवतो, तो सर्व्हर डोमेनची नोंद पाहून ते घेणाऱ्या सर्व्हरकडे नेतो आणि घेणारा सर्व्हर ते इनबॉक्समध्ये, स्पॅममध्ये किंवा कचऱ्यात टाकतो. यातला एकेक टप्पा वेगळ्या व्यवस्थेच्या ताब्यात असतो, आणि स्थलांतरात यातल्या काही व्यवस्था हलतात, काही जागेवरच राहतात. बिघाड बहुतेक वेळा या सांध्यांवरच होतो.

फॉर्म आणि ईमेल यांची ही जोडी वेबच्या सुरुवातीच्या काळातली. एचटीएमएलच्या १९९५ सालच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रमाणकात फॉर्मला जागा मिळाली, आणि त्याच वर्षी मॅट राइट यांनी ‘फॉर्ममेल’ नावाचा छोटा प्रोग्रॅम फुकट वाटायला सुरुवात केली. जगभरच्या हजारो साइटींनी तो उचलला. ईमेल कोणाला पाठवायचे तो पत्ता त्यात फॉर्मच्या एका लपलेल्या रकान्यात असे. स्पॅम पाठवणाऱ्यांनी तो रकाना बदलून इतरांच्या सर्व्हरवरून लाखो मेल सोडले. आज वेबसाइटच्या सर्व्हरवरून निघालेल्या मेलकडे घेणारे सर्व्हर संशयाने पाहतात, त्याची मुळे अशा गैरवापरात आहेत. पुढे पीएचपी भाषेतील ‘मेल’ या फंक्शनने हेच काम एका ओळीत आणले. या फंक्शनबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. ते ‘यशस्वी’ असे उत्तर देते त्याचा अर्थ इतकाच, की सर्व्हरवरच्या मेल-व्यवस्थेने पत्र ताब्यात घेतले. ते पोचले की नाही हे त्याला ठाऊक नसते. पीएचपीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतही तसे स्पष्ट म्हटलेले आहे. ‘धन्यवाद’ची हिरवी पट्टी या अर्धवट उत्तरावरच उमटते. दुरुस्ती करणाऱ्याने त्या पट्टीवर विश्वास ठेवला तर तो चुकीच्या ठिकाणी शोधत बसतो.

शोधाची सुरुवात एका प्रश्नाने करावी: मजकूर सर्व्हरपर्यंत पोचतो का? याचे उत्तर ब्राउझरमध्येच मिळते. संगणकावर पान उघडून एफ-१२ दाबावे, ‘नेटवर्क’ हा भाग उघडावा आणि मग फॉर्म भरून पाठवावा. त्या क्षणी यादीत एक नवी ओळ उमटते आणि तिच्यापुढे तीन आकडी क्रमांक येतो. २०० असेल तर सर्व्हरने मजकूर घेतला. ४०४ म्हणजे ज्या पत्त्यावर मजकूर पाठवला तो पत्ताच नव्या सर्व्हरवर नाही. ४०३ म्हणजे कोणीतरी दारातच अडवले. बहुधा फायरवॉल, किंवा पानाच्या कॅशमध्ये राहून गेलेला मुदत संपलेला सुरक्षा-संकेत. ५०० म्हणजे प्रोग्रॅम मध्येच कोसळला, आणि त्याचे कारण सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये लिहिलेले असते. हा एक क्रमांक पाहिल्याशिवाय प्लगइन काढणे-घालणे म्हणजे निव्वळ वेळ घालवणे.

३०१ हा क्रमांक दिसला तर तिथे थांबून नीट पाहावे, कारण त्यातला दोष चटकन ध्यानात येत नाही. स्थलांतराच्या निमित्ताने साइट बहुधा ‘एचटीटीपी’वरून ‘एचटीटीपीएस’वर नेली जाते आणि जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्याकडे वळवण्याचा नियम लावला जातो. फॉर्ममध्ये मात्र मजकूर पाठवण्याचा पत्ता जुनाच, पूर्ण लिहिलेला राहून जातो. ब्राउझर तिकडे मजकूर पाठवतो, सर्व्हर म्हणतो ‘पत्ता कायमचा बदलला’, आणि ब्राउझर नव्या पत्त्यावर जातो. पण जाताना मजकूर मागेच टाकून नुसते पान मागतो. ३०१ च्या बाबतीत ब्राउझर पहिल्यापासून असेच वागत आले आहेत. मजकूर सोबत नेणारा ३०८ हा वेगळा क्रमांक २०१५ मध्ये प्रमाणित झाला तो यासाठीच. वापरणाऱ्याला दिसते ते एवढेच की बटण दाबले आणि रिकामा फॉर्म पुन्हा समोर आला. फॉर्ममधला पत्ता थेट नवा करणे हाच इथे स्वच्छ उपाय आहे.

वर्डप्रेसवरच्या साइटींत, आणि लहान उद्योगांच्या साइटी मोठ्या प्रमाणावर त्यावरच असतात, ४०४ चे एक ठरलेले कारण आढळते. ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ हे ताकायुकी मियोशी यांचे २००७ पासून चालत आलेले प्लगइन मजकूर साइटच्याच एका आतल्या पत्त्यावर पाठवते. तो पत्ता सर्व्हरवरच्या ‘एचटीअ‍ॅक्सेस’ नावाच्या फाइलमधील नियमांमुळे चालतो. या फाइलच्या नावाची सुरुवात टिंबाने होत असल्यामुळे फाइल मॅनेजरमध्ये ती लपलेली असते आणि फाइली उचलताना मागे राहते. मग बटणाशेजारचे चक्र फिरतच राहते. परमालिंकच्या सेटिंगमध्ये जाऊन काहीही न बदलता ‘सेव्ह’ केले की वर्डप्रेस ही फाइल पुन्हा लिहिते. नवा सर्व्हर ‘एन्जिनएक्स’ जातीचा असेल तर मात्र तो ही फाइल वाचतच नाही. तिथे नियम सर्व्हरच्या मुख्य सेटिंगमध्ये घालावे लागतात.

डेटाबेस हलवताना होणारा घोळ आणखी सूक्ष्म आहे. वर्डप्रेस आपली बरीचशी सेटिंग अशा पद्धतीने साठवते की प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी आकड्यात लिहिलेली असते. साध्या ‘शोधा आणि बदला’ने सगळीकडे ‘एचटीटीपी’चे ‘एचटीटीपीएस’ केले की मजकूर एका अक्षराने वाढतो आणि आधी लिहिलेला आकडा खोटा ठरतो. आकडा आणि मजकूर जुळला नाही की पीएचपी ती सगळी नोंदच वाचायला नकार देते. फॉर्मचे पान दिसते, पण ईमेल कोणाला जायचे, कोणत्या सर्व्हरवरून जायचे ही सेटिंग कोरी झालेली असतात. हा बदल आकडे सुधारून देणाऱ्या साधनानेच करावा. वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनात त्यासाठी स्वतंत्र आज्ञा आहे.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी कोणा प्रोग्रॅमरने हाताने लिहून दिलेल्या फॉर्मची गोष्ट वेगळी. डेटाबेसशी बोलण्याची जुनी ‘मायएसक्यूएल’ फंक्शने २०१५ च्या अखेरीस आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकली गेली. नव्या होस्टिंगवर आठवी आवृत्ती असते, म्हणून जुना प्रोग्रॅम पहिल्याच ओळींत कोसळतो. होस्टिंगच्या पॅनेलमधून जुनी आवृत्ती निवडून काम भागवता येते, पण ती तात्पुरती मलमपट्टी. सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेल्या आवृत्तीवर लोकांची नावे आणि नंबर गोळा करणे योग्य नाही. असा फॉर्म नव्याने लिहून घ्यावा.

क्रमांक २०० आला, म्हणजे मजकूर सर्व्हरने घेतला, तरी मेल येत नसेल तर बिघाड पुढच्या अर्ध्या वाटेत आहे. अनुभवी माणसे आधी तिकडेच पाहतात, कारण स्थलांतरानंतरचे अवघड बिघाड बहुधा तिथलेच असतात. वेबसाइट आणि ईमेल एकाच डोमेन-नावाखाली असले तरी ते एकाच ठिकाणी असतात असे नाही. साइट एका होस्टिंगवर आणि मेल गूगलकडे किंवा झोहोकडे ही मांडणी आता सर्रास आहे. मेल कुठे न्यायचे हे डोमेनच्या ‘एमएक्स’ नोंदीत लिहिलेले असते. नवे होस्टिंग घेताना नेमसर्व्हर बदलले की डोमेनच्या सगळ्याच नोंदी नव्या कंपनीच्या वहीत नव्याने उघडल्या जातात आणि जुन्या एमएक्स नोंदी मागे राहतात. अशा वेळी फॉर्मचेच काय, कंपनीचे सगळेच मेल थांबते. निदान त्यामुळे ते लगेच कळते तरी.

जे कळत नाही ते असे. एमएक्स नोंदी बरोबर आहेत, इतरांचे मेल झोहोवर व्यवस्थित येत आहे, फक्त फॉर्मचे येत नाही. इथे दोषी असते ती नव्या सर्व्हरची स्वतःबद्दलची समजूत. होस्टिंग सांभाळण्याच्या ‘सी-पॅनेल’ या पॅनेलमध्ये डोमेन जोडले की या डोमेनचे मेल आपल्याकडेच उतरते असे सर्व्हर धरून चालू शकतो. मग त्याच सर्व्हरवरून त्याच डोमेनच्या पत्त्यावर निघालेले पत्र तो बाहेर पाठवतच नाही. एमएक्स नोंद न पाहता ते स्वतःच्याच खोक्यात टाकतो. तिथे त्या नावाची मेलपेटी नसेल तर पत्र परत फिरते, तेही सर्व्हरच्या अशा खात्यात जे कोणी उघडत नाही. पेटी असेल तर चौकशा तिथे साचत जातात. ‘ईमेल राउटिंग’ या सेटिंगमध्ये ‘लोकल’ऐवजी ‘रिमोट’ निवडले की वाट मोकळी होते. ही दुरुस्ती एका मिनिटाची असली तरी त्यानंतर सर्व्हरचा वेबमेल उघडून साचलेल्या चौकशा वाचून घ्यायला विसरू नये. त्यातल्या काही पार्ट्या अजून वाट पाहत असतील.

पत्र सर्व्हरबाहेर पडले तर पुढचा अडथळा ओळख पटवण्याचा. ‘एसपीएफ’ ही डोमेनची नोंद सांगते की या नावाने मेल पाठवायला कोणकोणते सर्व्हर अधिकृत आहेत. साइट हलली की पाठवणारा सर्व्हर बदलतो, नोंदीत मात्र जुनाच राहतो, आणि घेणारा सर्व्हर नव्याला तोतया समजतो. घाईत दुसरी एसपीएफ नोंद जोडणारे पुष्कळ असतात. नियमाने एका डोमेनला एकच अशी नोंद चालते. दोन असल्या की तपासणीच रद्द ठरते. म्हणून असलेल्या नोंदीतच नव्या सर्व्हरची भर घालावी. ‘डीकेआयएम’ म्हणजे पत्रावरची डिजिटल सही. तिची किल्ली नव्या सर्व्हरवर नव्याने तयार करून डोमेनच्या नोंदीत लावावी लागते. हे दोन्ही फसले तर पत्राचे काय करायचे ते ‘डीमार्क’ नोंद ठरवते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी सक्तीचे केले आहे, आणि दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही. त्यामुळे वर्षानुवर्षे कोणतीही नोंद नसताना चाललेला फॉर्म नव्या सर्व्हरवर एकदम अडकू शकतो.

यातच ‘प्रेषक’ या रकान्याचा जुना दोष उघडा पडतो. उत्तर देणे सोपे जावे म्हणून अनेक फॉर्म पत्रावर प्रेषक म्हणून चौकशी करणाऱ्याचाच पत्ता घालतात. म्हणजे याहूच्या पत्त्याचे पत्र सुरतच्या एका दुकानदाराच्या सर्व्हरवरून निघते. दुसऱ्याच्या लेटरहेडवर आपण पत्र लिहावे तसा हा प्रकार. याहूने एप्रिल २०१४ मध्ये अशी पत्रे सरळ नाकारावीत असे डीमार्कमधून जाहीर केले आणि जगभरचे असे फॉर्म एका रात्रीत अडकू लागले. प्रेषक नेहमी स्वतःच्या डोमेनचा पत्ता असावा आणि चौकशी करणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये जावा. उत्तराचे बटण दाबले की पत्र त्यालाच जाते, आणि ओळखही खरी राहते.

या सगळ्यावरचा टिकाऊ उपाय म्हणजे वेबसाइटच्या सर्व्हरने स्वतः मेल न पाठवता, ज्या सेवेकडे कंपनीचे मेल आहे तिच्यात रीतसर लॉगिन करून पाठवणे. वर्डप्रेससाठी त्याची एसएमटीपी प्लगइन मिळतात. इथे दोन गोष्टी अडतात. पोर्ट २५ अनेक क्लाउड कंपन्या स्पॅमच्या भीतीने बंद ठेवतात, म्हणून ५८७ किंवा ४६५ वापरावे. आणि जीमेलचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही. नुसत्या पासवर्डने लॉगिन करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमना गूगलने ३० मे २०२२ पासून खासगी खात्यांचे दार बंद केले. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा वेगळा अ‍ॅप-पासवर्ड घ्यावा लागतो.

फॉर्म चालतो, मेल येते, पण वाचता येत नाही, असेही होते. धुळ्याचा दुकानदार मराठीत लिहितो, स्थानिक गिऱ्हाईक गुजरातीत, आणि इनबॉक्समध्ये चिन्हांची रांगोळी उतरते. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे आणि गुजरातीचेही प्रत्येक अक्षर तीन बाइटांत साठवले जाते आणि त्यातला पहिला बाइट दोन्ही लिप्यांत तोच असतो. जुन्या लॅटिन पद्धतीने वाचले की एकेका बाइटचे एकेक चिन्ह होते, आणि तिरकी रेघ डोक्यावर घेतलेला रोमन ‘ए’ दर तिसऱ्या जागी दिसतो. ही खूण दिसली तर मजकूर शाबूत आहे, फक्त वाचण्याची पद्धत चुकली आहे. मेलच्या आणि डेटाबेसच्या सेटिंगमध्ये यूटीएफ-८ लावले की तो परत मिळतो. नुसती प्रश्नचिन्हे दिसत असतील तर मात्र साठवतानाच अक्षरे गळाली. ती परत येत नाहीत, पार्टीला फोन करूनच विचारावे लागते.

नमुन्याचा फोटो जोडता येणाऱ्या फॉर्मचा बिघाड आणखी निराळा. पीएचपीत मुळात एका फाइलला २ एमबी आणि सगळ्या मजकुराला मिळून ८ एमबी अशी मर्यादा असते. जुन्या होस्टिंगवर ती कोणीतरी वाढवलेली असते, नव्यावर मूळपदावर येते. आजच्या फोनने काढलेला साडीच्या भरतकामाचा एकच फोटो २ एमबीच्या पुढे जातो. एकूण मर्यादा ओलांडली तर फोटोच नव्हे, नाव आणि नंबरही पीएचपीच्या हाती लागत नाहीत. प्रोग्रॅमला फॉर्म संपूर्ण कोरा दिसतो आणि तो ‘नाव भरा’ म्हणत राहतो. लहान मजकुराने चाचणी घेणाऱ्याला हा दोष कधीच दिसत नाही. म्हणून चाचणी खऱ्या चौकशीसारखीच घ्यावी: फोनवरून, मोबाइल डेटावर, लॉगिन न करता, मराठी मजकूर आणि एक मोठा फोटो जोडून. मेल आले की जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्हींपुढे ‘पास’ लिहिले आहे का ते पाहावे. कंपनीच्या पत्त्याबरोबर दुसऱ्या सेवेवरच्या एखाद्या पत्त्यावरही मेल पाठवून पाहावे.

स्थलांतर अजून व्हायचे असेल तर यातले बरेचसे टाळता येते. नेमसर्व्हर बदलण्याआधी जुन्या डोमेन-नोंदींचे संपूर्ण पान उतरवून किंवा छापून ठेवावे. नोंदींची टिकण्याची मुदत, जी सी-पॅनेलवर मुळात १४,४०० सेकंद म्हणजे चार तास असते, ती एक दिवस आधी ३०० सेकंदांवर आणावी. फॉर्ममध्ये आलेली प्रत्येक चौकशी मेलबरोबर डेटाबेसमध्येही साठेल अशी सोय करावी. ही सोय केली की मेल अडकले तरी चौकशी बुडत नाही. नोंदी बदलत असतानाच्या काळात काही लोकांचे ब्राउझर जुन्याच सर्व्हरवर जात राहतात, म्हणून जुने होस्टिंग निदान आठवडाभर चालू ठेवावे आणि शेवटी तिथल्या डेटाबेसमधून त्या दिवसांतल्या चौकशा काढून घ्याव्यात.

त्यानंतर जुन्या सर्व्हरवरची प्रत पुसणेही याच कामाचा भाग आहे. तिथे वर्षानुवर्षे फॉर्म भरणाऱ्यांची नावे, फोन नंबर, पत्ते पडून असतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशा माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे. डेटाबेस, त्याच्या बॅकअप फाइली आणि मेलपेट्या स्वतः काढून टाकाव्यात, आणि मगच जुने होस्टिंग बंद करावे.